वृद्धसेवेंतील धर्म

म्हाताऱ्या माणसाची सेवा हें पुण्यकर्म आहे असें न मानणारा धर्म पृथ्वीच्या पाठीवर बहुधा नसेल. परंतु त्या सेवेंत धर्म येतो तो कोणाचा, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. अन्न देणाराचा धर्म आणि अन्न घेणाराचा धर्म एकच असेल असें नाहीं; आणि तो नांवानें एक असला तरी दोघांच्या मनांत त्याचें रूप एक असेल असेंही नाहीं. देणारास आपल्या सद्गतीची चिंता असते. घेणारास कदाचित् आपल्या गेलेल्या मुलाची, फेडावयाच्या राहिलेल्या नवसाची, किंवा देवानें आपणांस टाकलें कीं काय ह्या शंकेची चिंता असते. वृद्धांसाठीं निघालेल्या संस्थांचा गेल्या आठ-नऊ शतकांचा इतिहास ह्या दृष्टीनें पाहिला, तर त्यांत चार निरनिराळ्या वृत्ति दिसून येतात. ह्या वृत्ति एकीमागून एक अशा रांगेनें आल्या आणि गेल्या असें मात्र कोणी समजूं नये. सर्वांत जुनी जी वृत्ति, तीसुद्धां अद्यापि जिवंत आहे. म्हणूनच ह्या इतिहासाचा विचार केवळ जिज्ञासा म्हणून न करितां, आज चाललेल्या कामास उपयोगी म्हणून करावा असें आम्हांस वाटतें.

इंग्लंडांतील विंचेस्टर शहराच्या वेशीबाहेर सेंट क्रॉस नांवाचें एक धर्मगृह आहे. हेन्री ऑफ ब्लॉय नांवाच्या बिशपानें तें १२ व्या शतकाच्या पूर्वार्धांत तेरा निर्धन व अशक्त पुरुषांसाठीं स्थापिलें. आजही तेथें काळे व तांबडे झगे घालणारे वृद्ध ‘बंधु’ राहतात. पुढें १४३७ सालीं ऑक्सफर्डशायरांतील यूएल्म ह्या गांवीं सफोकचा अर्ल विल्यम द ला पोल आणि त्याची पत्नी ॲलिस, जी कवि चॉसरची नात, ह्या दोघांनीं तेरा गरिबांसाठीं असेंच एक घर बांधलें. घर, अन्न व वस्त्र ह्यांच्या बदल्यांत तेथील रहिवाशांनीं रोज ठराविक वेळीं देवालयांत जमून संस्थापकांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थना करावी असा नियम होता. अशा आश्रितांस इंग्रजींत ‘बीड्समन’ म्हणत. ‘बीड’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ प्रार्थना. जपमाळेच्या मण्यास तें नांव मागाहून मिळालें. तेव्हां ह्या म्हाताऱ्यांस आपल्या भाषेंत ‘जपकरी’ म्हटलें तर तें चुकीचें होणार नाहीं. मृत्यूनंतर जीवास शुद्धिस्थानांत यातना भोगाव्या लागतात, आणि मागें राहिलेल्यांच्या, विशेषतः गरिबांच्या, प्रार्थनेनें त्या हलक्या होतात, ही त्या काळची दृढ श्रद्धा होती. श्रीमंतानें छप्पर द्यावें आणि गरिबानें जप द्यावा, असा हा करार होता.

हा करार जर्मनींतील आउग्सबुर्ग शहरीं अजून चालूं आहे. याकोब फुगर ह्या सावकारानें १५२१ सालीं गरजू कॅथलिक नगरवासीयांसाठीं जी वसाहत वसविली ती ‘फुगेराय’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. ती केवळ वृद्धांसाठीं नव्हती, परंतु तिच्यांत वृद्धांस आसरा मिळत आला आहे. एका ऱ्हाइन गुल्डनाचें जें वार्षिक भाडें तेव्हां ठरलें तेंच आज ८८ सेंट म्हणून घेतलें जातें, आणि संस्थापकाच्या कुटुंबासाठीं रोज तीन प्रार्थना म्हणाव्या ही अटही कायम आहे. दुसऱ्या महायुद्धांत बॉम्बवर्षावानें वसाहतीचा मोठा भाग पडला, तो पुन्हां बांधला गेला, पण भाडें बदललें नाहीं आणि प्रार्थनाही बदलली नाहीं.

असल्या व्यवहारास निव्वळ स्वार्थ म्हणून हिणविणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. त्यांतील एक गोष्ट आजच्या वृद्धाश्रमांनीं विसरण्यासारखी नाहीं. जपकरी म्हातारा रिकामा नव्हता. त्याच्याजवळ देण्यासारखें कांहीं आहे आणि तें घेण्यासाठीं एक मोठा माणूस हात पसरून उभा आहे, ही जाणीव त्याच्या भाकरीबरोबर त्यास मिळत असे. दोष होता तो दुसऱ्या ठिकाणीं. त्याची प्रार्थना त्याची राहिली नव्हती. एखाद्या दिवशीं त्यास स्वतःच्या मृत बायकोसाठीं रडावेंसें वाटलें, किंवा प्रार्थना करूंच नये असें वाटलें, तर त्या वाटण्याला त्या घरांत जागा नव्हती.

आपल्याकडे ह्याच वृत्तीचें चित्र वृंदावनांत दिसतें. तेथें आलेल्या विधवांत बंगालमधून आलेल्यांची संख्या फार मोठी. श्रीमंत व्यापाऱ्यांच्या दानावर चालणाऱ्या भजनाश्रमांत ह्या बायांनीं कित्येक तास बसून नामसंकीर्तन करावें आणि त्याबद्दल थोडें धान्य व थोडे पैसे घ्यावे अशी पद्धत पडून गेली. त्यांतील अनेक जणी खऱ्या भक्तीनें तेथें आल्या होत्या ह्याविषयीं शंका नाहीं. परंतु ज्या दिवशीं घसा बसला त्या दिवशीं शिधा बुडाला, अशी स्थिति आली म्हणजे नामाची मजुरी होते. ह्या स्त्रियांच्या हलाखीची दखल २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घेतली, आणि त्यानंतर त्यांच्या निर्वाहाची कांहीं निराळी तजवीज होऊं लागली. भक्ति आणि भाकरी ह्यांची गांठ सोडविणें हें तेथील कामाचें पहिलें पाऊल होतें असें आम्हांस वाटतें.

युरोपांत ही गांठ प्रथम कायद्यानें सोडविली, आणि तीही ज्या संस्थेंत दयेचा अंश सर्वांत कमी होता तेथें, हा इतिहासाचा एक चमत्कारिक विनोद होय. इंग्लंडांत १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानें जीं सक्तीचीं श्रमगृहें निघालीं त्यांचें नांव तेथील वृद्धांस कारागृहाहूनही भयंकर वाटे. साठी उलटलेल्या नवराबायकोस एकत्र राहूं देण्याची सवलतदेखील १८४७ पर्यंत कायद्यांत आली नव्हती. परंतु त्याच १८३४ च्या कायद्यांत एक कलम असें होतें कीं, कोणाही रहिवाशास त्याच्या धर्ममताविरुद्ध असलेल्या उपासनेस बसण्याची सक्ति करूं नये, आणि त्याच्या स्वतःच्या पंथाच्या उपाध्यायास त्याच्या भेटीस येऊं द्यावें. पुढें १८६८ सालीं प्रत्येक श्रमगृहानें रहिवाशांच्या धर्माची नोंदवही ठेवलीच पाहिजे असें ठरलें. घेणाराचा धर्म प्रथम कागदावर आला तो असा. मात्र नोंदवहींत पंथाचें नांव लिहून कारकुनाचें काम संपत असे. त्या नांवामागें माणसाच्या मनांत काय आहे हें विचारण्याचें त्याला कारण नव्हतें, आणि वेळही नव्हता.

ह्याच सुमारास दोन ठिकाणीं, एकमेकांपासून हजारों कोसांवर, एकेका निराधार म्हातारीपासून एकेक संस्था उगवली. दोन्हींत धर्म होता, पण करार नव्हता. त्यांची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे.

पहिली हकीकत फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील. झान जुगां ही बाई १७९२ सालीं कांकाल ह्या कोळ्यांच्या गांवीं जन्मली. बाप समुद्रावर गेला तो परत आला नाहीं. तरुणपणीं तिनें मोलकरणीचें काम केलें, रुग्णालयांत शुश्रूषा केली, आणि पुढें सें-सर्व्हां ह्या बंदराच्या गांवीं दोघींबरोबर लहानशा बिऱ्हाडांत ती राहूं लागली. १८३९ च्या हिवाळ्यांत ॲन शोव्हें नांवाची एक आंधळी व अर्धांगानें पंगु झालेली विधवा तिनें उचलून घरीं आणली, आपलें अंथरूण तिला दिलें आणि आपण माळ्यावर निजूं लागली. तेव्हां झानचें वय ४७ वर्षांचें होतें. एकीमागून दुसरी म्हातारी आली. घर पुरेना, म्हणून दुसरें घेतलें. ह्या बहुतेक बाया भीक मागून जगणाऱ्या. त्यांना पुन्हां दारोदार जाण्याची लाज वाटूं नये म्हणून झाननें त्यांच्याकडून त्यांच्या नेहमींच्या दात्यांचीं नांवें विचारून घेतलीं, आणि टोपली हातीं घेऊन त्यांच्याऐवजीं ती स्वतः त्या दारांशीं उभी राहूं लागली. आमच्या मतें ह्या एका गोष्टींत तिच्या सर्व कार्याचें मर्म आहे. जुन्या धर्मगृहांत म्हातारा दात्यासाठीं प्रार्थना करी. येथें सेविका म्हातारीसाठीं भिक्षा मागूं लागली. याचना करण्याचें ओझें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलें.

फ्रेंच अकादमीनें १८४५ सालीं तिला सद्गुणाबद्दलचें माँत्यों पारितोषिक तीन हजार फ्रँकांसह दिलें. परंतु त्यापूर्वींच, १८४३ च्या डिसेंबरांत, मंडळाचा धर्मगुरु ल पायर ह्यानें तिची झालेली निवड रद्द करून एका तरुण सहकारिणीस मुख्य नेमलें होतें. झाननें तक्रार केली नाहीं. ती टोपली घेऊन फिरत राहिली, आणि १८५२ पासून मरेपर्यंत, म्हणजे २७ वर्षें, मंडळाच्या मुख्य मठांत एका कोपऱ्यांत राहिली. नव्यानें येणाऱ्या मुलींस ही म्हातारीच आपल्या मंडळाची जन्मदात्री आहे हें ठाऊक नसे. १८७९ सालीं ती वारली तेव्हां मंडळांत सुमारें २४०० भगिनी होत्या. १८९० सालीं रोमनें ल पायर यास अधिकारावरून दूर केलें, आणि २००९ सालीं झानला संतपद मिळालें. तिच्या ‘गरिबांच्या लहान भगिनी’ १८८२ सालीं कलकत्त्यास आल्या, आणि कोणत्याही धर्माच्या निर्धन वृद्धास घरांत घ्यावयाचें हा त्यांचा परिपाठ तेथेंही चालला. आपल्या धर्मानें आपणांस वांकावयास लावावें, समोरच्यास नव्हे, ही दुसरी वृत्ति होय.

दुसरी हकीकत काशीची. परंतु ती समजण्यास काशीवास म्हणजे काय हें ध्यानांत घेतलें पाहिजे. काशींत मरण यावें ह्या इच्छेनें तेथें जाऊन राहणारा वृद्ध कोणाचा आश्रित म्हणून आलेला नसतो. तो आपल्या श्रद्धेच्या ओढीनें आलेला असतो. महाराष्ट्राचा ह्या परंपरेशीं निकटचा संबंध आहे. काशी, प्रयाग व गया ह्या तीन क्षेत्रांवरील ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचणारे १६ व्या शतकांतील नारायणभट्ट ह्यांचें घराणें मूळचें पैठणचें. आणि पुढें मराठेशाहींतील सरदार व राण्या ह्यांनीं काशींत घाट आणि अन्नछत्रें उभारिलीं हें सर्वविश्रुत आहे. परंतु श्रद्धेनें काशीस पोंचविलेलें माणूस तेथें जगणार कसें, ह्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. गांठीचे पैसे सरले, अंथरूण धरलें, बिऱ्हाड सुटलें, म्हणजे गल्लीच्या कडेला पडून मरणाची वाट पाहणें एवढेंच उरे. येणारे-जाणारेही, हिला मोक्षच मिळणार आहे, असें म्हणून पुढें जात असतील तर त्यांत नवल नाहीं.

१९०० सालच्या जून महिन्यांत जामिनीरंजन मजुमदार ह्या तरुणास अशीच एक उपाशी म्हातारी वाटेवर पडलेली दिसली. त्याच्याजवळ पैसा नव्हता. त्यानें एका गृहस्थाकडे चार आणे मागितले आणि तिला खावयास आणून दिलें. तो व त्याचे मित्र स्वामी विवेकानंदांच्या विचारानें भारलेले होते. त्यांनीं गरिबांस साहाय्य देणारी एक मंडळी काढली. १९०२ सालीं स्वामी काशीस आले असतां त्यांनीं ह्या मंडळीच्या नांवांतील ‘साहाय्य’ हा शब्द काढावयास लावला. साहाय्य करणारे आपण कोण, असा त्यांचा आशय होता. आपला अधिकार सेवेपुरताच. तेव्हांपासून ती संस्था ‘सेवाश्रम’ झाली, आणि त्याच वर्षीं रामकृष्ण मिशनकडे गेली. सें-सर्व्हांच्या टोपलीचें आणि काशीच्या ह्या चार आण्यांचें नातें आमच्या मतें अगदीं सख्खें आहे. दोन्हीकडे सेवकानें प्रथम स्वतः हात पसरला.

तथापि एवढ्यानें प्रश्न संपला नाहीं. सेवक कितीही नम्र झाला तरी नम्र होणारा तोच, आणि धर्मही त्याचाच. अशी माणसें थोडीं, आणि म्हातारीं माणसें पुष्कळ. तेव्हां कामाला पद्धत लागते, शिक्षण लागतें, पैसा लागतो. १८६९ सालीं लंडनांत चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली; १८७७ सालीं तिचें अनुकरण अमेरिकेंत बफेलो येथें झालें तें गर्टिन नांवाच्या एका पाद्र्याकडूनच. परंतु पद्धत वाढली तसा पाद्री मागें पडला. १९१५ सालीं बाल्टिमोर येथील परिषदेंत अब्राहम फ्लेक्स्नर ह्यांनीं समाजकार्यास व्यवसाय म्हणतां येईल काय असा प्रश्न उपस्थित करून त्याचें उत्तर नकारार्थी दिलें. तो टोला समाजसेवकांस फार लागला. १९१७ सालीं मेरी रिचमंड ह्यांच्या ग्रंथाचें जें नांव पडलें, ‘सामाजिक निदान’, तें वैद्यकावरून घेतलेलें होतें हें पुरेसें बोलकें आहे. दुसरीकडे १९०८ च्या कायद्यानें इंग्लंडांत सत्तरीच्या गरीब वृद्धास आठवड्यास पांच शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन मिळूं लागलें. त्यासाठीं त्यास कोणासाठीं प्रार्थना करावी लागत नव्हती, आणि कोणाचे उपकारही मानावे लागत नव्हते. ही मुक्तता लहान नव्हती.

आपल्याकडे समाजकार्याचें शास्त्रीय शिक्षण सुरू झालें त्याच्या मुळाशींही एक मिशनरीच आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्यांनीं मुंबईंत नागपाडा येथें वस्तीचें सेवाकेंद्र चालविलें, आणि त्या अनुभवांतून १९३६ सालीं सर दोराबजी टाटा ह्यांच्या नांवाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा उभी राहिली. हीच आजची टाटा इन्स्टिट्यूट. हिंदु, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, यहुदी असे सर्व ज्या शहरांत शेजारीं राहतात तेथें सेवकानें आपला धर्म पुढें करूं नये हा धडा आपोआपच मिळतो. परंतु ह्या तिसऱ्या वृत्तींत एक धोका होता. सेवकानें आपला धर्म बाजूस ठेवला हें योग्यच झालें. त्याबरोबर त्यानें वृद्धाचाही धर्म बाजूस ठेवला. म्हातारा देवाविषयीं बोलूं लागला कीं हा विषय आपल्या कक्षेंतला नाहीं असें समजून दुसरा प्रश्न विचारावयाचा, ही शिकलेल्या सेवकाची संवय झाली. श्रमगृहाच्या नोंदवहींतला तो एक रकाना तेवढा शिल्लक राहिला.

ह्या स्थितींत पालट होऊं लागला तो १९७१ च्या सुमारास. त्या वर्षीं अमेरिकेंत वार्धक्याविषयीं जी राष्ट्रीय परिषद भरली तींत आध्यात्मिक स्वास्थ्य हा एक स्वतंत्र विषय होता, आणि त्याची भूमिका समाजशास्त्रज्ञ डेव्हिड मोबर्ग ह्यांनीं मांडली होती. त्यांतून निघालेल्या सर्वधर्मीय मंडळानें १९७५ सालीं ह्या स्वास्थ्याची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा: ईश्वर, आपण स्वतः, आपला समाज आणि आपला परिसर ह्यांच्याशीं असलेल्या नात्यांत जीवनाचा स्वीकार करणें. १९९० सालीं एडवर्ड कॅंडा ह्यांनीं अध्यात्म व समाजकार्य ह्यांचा एकत्र विचार करणारी संस्था स्थापिली, आणि व्यवसायानें जें दार लावून घेतलें होतें तें थोडें उघडलें.

परंतु व्याख्येपेक्षां अधिक महत्त्वाची गोष्ट एका अभ्यासानें पुढें आणली. केनेथ पारगमेंट व त्यांचे सहकारी ह्यांनीं रुग्णालयांत असलेल्या ५९६ प्रौढ व वृद्ध रुग्णांची स्थिति दोन वर्षें पाहिली. हे सर्व ५५ वर्षांवरील होते. त्याचे निष्कर्ष २००१ सालीं प्रसिद्ध झाले. देवानें आपणांस टाकलें, त्याचें आपल्यावर प्रेम नाहीं, असें ज्यांच्या मनांत घोळत होतें त्यांच्या मृत्यूचा संभव इतरांपेक्षां थोडा अधिक आढळला. आणि शरीराच्या व मनाच्या मूळच्या स्थितीचा हिशेब वजा केल्यावरही तो फरक राहिला. एका अभ्यासावरून फार मोठा सिद्धांत बांधूं नये हें खरें. तरीही धर्म म्हणजे म्हाताऱ्यांस गुंगी आणणारें गोड औषध, ही समजूत त्यानें खोटी ठरविली. धर्म त्यांस आधार देतो तसा कांहीं जणांस आंतून जाळतोही. आणि कोणास कोणतें होत आहे हें विचारल्यावांचून कळत नाहीं. ही चौथी वृत्ति: सेवकानें विचारावें, आणि ऐकून घ्यावें.

आजच्या आपल्या वृद्धाश्रमांकडे ह्या दृष्टीनें पाहिलें तर काय दिसतें? संध्याकाळीं प्रार्थना असते, एखादें मंदिर असतें, उत्सव होतात. हें वाईट नाहीं. परंतु सर्वांसाठीं एक भजन लावलें म्हणजे प्रत्येकाच्या धर्माची सोय झाली असें होत नाहीं. जन्मभर वारी केलेल्या वारकऱ्यास आषाढ लागतांच जी तळमळ होते ती मंदिराच्या घंटेनें शमत नाहीं. वसईच्या ख्रिस्ती आजीस तिच्या बोलींतली प्रार्थना हवी असते. आणि देव न मानणाऱ्या एखाद्या जुन्या शिक्षकास, मरतांना कोणीं आपल्या तोंडांत गंगाजल घालूं नये, ही हमी हवी असते. तिसऱ्याची मागणी पहिल्या दोघांच्या मागणीइतकीच पवित्र मानणें हें आजच्या सेवकापुढील सर्वांत अवघड काम आहे, कारण तेथें त्याच्या स्वतःच्या श्रद्धेची परीक्षा होते.

आणखी एक गोष्ट जपकऱ्यांच्या घरांतून घेण्यासारखी आहे, ती ही कीं वृद्धास देण्याचीही भूक असते. त्याला नुसतें ऐकून घेऊन भागत नाहीं. त्याच्याकडून कांहीं घेतलेंही पाहिजे, मग तो आशीर्वाद असो, एखादी ओवी असो, किंवा चार शहाणपणाचे शब्द असोत. मात्र तें अन्नाचा मोबदला म्हणून मागूं नये. भाकरी बिनशर्त मिळावी, आणि प्रार्थना करावी कीं न करावी, कोणाची करावी व कोणासाठीं करावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. सेवकाचा स्वतःचा धर्म ह्यांत नाहींसा होतो असें नव्हे. रात्रीं दोन वाजतां ओलें अंथरूण बदलण्यास उठावयाचें तर कशाच्या तरी बळावर उठावें लागतें, आणि तें बळ पुष्कळांस धर्मानेंच दिलें आहे. त्याचें तेथें उठणें हीच त्याची उपासना होय. म्हाताऱ्याची कोणती, हें त्यानें म्हाताऱ्यास विचारावें.